घरातले कुत्रे आणि घरातले बाळ

गेल्या सत्रातील पालक सभा संपल्यावर पहिलीतल्या एका मुलीची आई आमच्याजवळ येऊन थांबली. "आजी, तुमच्याकडे कुत्रं आहे ना? आणि धाकटी नातही लहान आहे. कसं काय जमवलंत?" तिच्या घरी चार महिन्यांनी दुसरे बाळ यायचे होते. घरातले कुत्रे सात वर्षांचे, मुलीचा जीव की प्राण. घरातली वडील मंडळी मात्र म्हणत होती, "बाळ यायच्या आत ते कुत्रं कुणाला तरी देऊन टाका." मुलगी दोन दिवस जेवली नव्हती.

शाळेच्या दारात उभ्या उभ्या याचे उत्तर देणे शक्य नव्हते. आम्ही दोघे आजी-आजोबा घरी येऊन बोललो आणि ठरवले की जे काही शिकलो ते या पत्रिकेसाठी लिहून काढावे. शिकलो असे म्हणतो खरे, पण त्यातले निम्मे आम्ही चूक करून शिकलो आहोत. म्हणून आधी ती चूकच सांगतो.

आमच्या वाघ्याची गोष्ट

आमच्या थोरल्या नातवाचा जन्म झाला तेव्हा घरी वाघ्या नावाचे सहा वर्षांचे कुत्रे होते. सोप्यात दाराशी झोपणारे, संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून आजोबांबरोबर फेरी मारणारे, घरातल्या प्रत्येकाच्या चपला ओळखणारे. बाळ घरी आले त्या दिवशी आम्ही वाघ्याला परसात साखळीने बांधले. "बाळाला काही होऊ नये" एवढाच विचार. फिरायला नेणे थांबले. बाळाला उन्हात घेऊन परसात गेलो की वाघ्या उठून जवळ यायला बघायचा आणि आम्ही सगळे एकदम ओरडायचो, "हड्! मागे हो!"

पुढे बाळ रांगू लागले. वाघ्या त्याच्याकडे बघून गुरगुरायचा. आम्ही त्याला वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारायचो. थोड्या दिवसांनी त्याने गुरगुरणे बंद केले. आम्हाला वाटले, सुधारला. एका दुपारी दहा महिन्यांचे बाळ कोणाचे लक्ष नसताना रांगत रांगत त्याच्या ताटलीपाशी पोहोचले आणि वाघ्याने एक आवाजही न करता त्याच्या मनगटाला दात लावले.

जखम मोठी नव्हती, पण रक्त आले होते. शेजारणीने धावत येऊन हळद आणि चुना दाबला. दवाखान्यात डॉक्टर आमच्यावर चांगलेच रागावले. जखम पुन्हा धुतली, इंजेक्शने सुरू झाली. नातू बरा झाला, पण पुढे कित्येक वर्षे रस्त्यात कुत्रे दिसले की तो आजोबांच्या धोतराला बिलगायचा. वाघ्याला आम्ही एका ओळखीच्या माणसाच्या शेतावर पोहोचवले. महिन्याभरात तो तिथून निघून गेला. पुष्कळ शोधले, सापडला नाही.

आज मागे वळून बघताना आम्हाला स्पष्ट दिसते की दोष वाघ्याचा नव्हता. बाळ येताच त्याची जागा गेली, फिरणे गेले, माया गेली, आणि बाळ जवळ आले की ओरडा मिळू लागला. त्याच्या हिशेबाने बाळ म्हणजे संकट. हा हिशेब त्याला आम्हीच शिकवला होता.

कुत्र्याला काय कळते, काय कळत नाही

रशियाचे शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांचे नाव वरच्या वर्गातल्या मुलांनी ऐकले असेल. पचनक्रियेवरील कामासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत त्यांना असे आढळले की खाणे देण्याआधी दर वेळी एखादा ठराविक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या त्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकापाठोपाठ घडल्या की कुत्र्याच्या मनात त्यांची गाठ बसते.

घरातल्या बाळाच्या बाबतीतही नेमके हेच घडते. बाळ दिसले की ओरडा मिळतो, ही एक गाठ. बाळ दिसले की खाऊ आणि शाबासकी मिळते, ही दुसरी गाठ. यातली कोणती बांधायची ते आपल्या हातात असते. या लेखाचे सार विचाराल तर एवढेच आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचे. तान्ह्या बाळाचे टिपेचे रडणे आपल्यालाच सहन होत नाही, तिथे कुत्र्याची काय कथा. दुसरे म्हणजे, लहान मूल हे कुत्र्याच्या दृष्टीने 'छोटा माणूस' नसते. ज्या पिल्लाने वयाच्या पहिल्या तीन महिन्यांत मुले पाहिलेली नसतात, त्याला पुढे मुले म्हणजे विचित्र वास असलेला, वेडावाकडा चालणारा, मध्येच किंचाळणारा कोणी अनोळखी प्राणी वाटतो. म्हणून "आमचं कुत्रं इतकं गरीब, ते काही करणार नाही" ही खात्री मोठ्या माणसांपुरतीच खरी असते. मुलांच्या बाबतीत ती वेगळी तपासावी लागते.

बाळ येण्याआधीची तयारी

धाकटी नात झाली तेव्हा घरी मोती होता. मोती म्हणजे मुधोळची थोडी झाक असलेले गावठी कुत्रे. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळची ही लांब पायांची शिकारी जात आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. ही कुत्री नजरेने शिकार हेरून तिच्यामागे धावणारी, त्यामुळे पळत्या गोष्टीमागे पळणे मोतीच्या रक्तातच आहे. आम्हाला दुप्पट काळजी घेणे भाग होते.

सून बाळंतपणासाठी कोल्हापूरला माहेरी गेली, तेवढ्या काळात आम्ही पुढील गोष्टी केल्या.

1. आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे. रेबीजची लस वेळेवर झाली आहे ना ते पाहिले, जंताचे औषध दिले, गोचीड काढून घेतले. कान दुखत असेल, सांधे धरले असतील, तर शांत कुत्रेही हात लावताच चावू शकते. म्हणून दुखणे असेल तर ते बाळ येण्याआधीच बरे करून घ्यावे.

2. दिनक्रम आधीच बदलला. मोतीला रात्रीचे जेवण सूनबाई घालायची. बाळ आल्यावर तिला ते जमणार नव्हते. म्हणून ती माहेरी जाण्याच्या दोन महिने आधीच ते काम आजोबांनी घेतले. फिरायला जाण्याची वेळही पुढे-मागे करून पाहिली. बदल आणि बाळ एकाच दिवशी आले तर कुत्रे त्या दोहोंची गाठ बांधते.

3. जागा ठरवली. जिन्याखालचा कोपरा, त्यात जुने गोणपाट आणि पाण्याचे भांडे. तिथे मोती बसला की त्याला कोणी हटकायचे नाही, ओढायचे नाही. पाळण्याच्या खोलीच्या दाराला सुताराकडून जाळीचे बुटके फाटक करून घेतले. मोतीला बाळ दिसावे, पण आत जाता येऊ नये.

4. आवाजाची सवय. मुलाने कोल्हापूरहून बाळाच्या रडण्याचा आवाज मोबाइलवर पाठवला. आधी अगदी हळू लावायचा आणि त्याच वेळी उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे मोतीला द्यायचे. आवाज बंद, खाऊ बंद. तो कान न टवकारता खाऊ लागला की आवाज थोडा वाढवायचा. दोन आठवड्यांत पूर्ण आवाजातही तो शेपूट हलवत आमच्या हाताकडे बघू लागला.

5. हात लावण्याची सवय. कान, शेपूट, पंजे यांना आम्ही रोज हलकेच हात लावायचो आणि लगेच खाऊ द्यायचो. पुढे चुकून बाळाची मूठ लागलीच तर तो दचकू नये म्हणून. याचा अर्थ बाळाने शेपूट ओढले तरी चालेल असा मुळीच नाही.

6. वासाची ओळख. बाळाचे न धुतलेले एक दुपटे मुलाने आणून दिले. ते स्टुलावर ठेवले, मोतीला स्वतःहून येऊन हुंगू दिले, "शाब्बास" म्हटले, खाऊ दिला. दुपटे त्याच्या नाकाशी नेऊन दाबले नाही.

ज्या घरी इतका वेळ नसेल त्यांनी निदान पहिल्या तीन गोष्टी तरी कराव्यात.

पहिली भेट

बाळ घरी येणार त्या दिवशी आजोबांनी मोतीला चांगले तासभर फिरवून आणले. दमलेले कुत्रे शांत असते. सून आधी एकटीच आत आली. अडीच महिन्यांनी भेटत होती, मोती वेडापिसा झाला. त्याला तिच्याभोवती नाचू दिले. तो निवळल्यावरच बाळाला आत आणले.

मोतीच्या गळ्यात पट्टा होता, दोरी आजोबांच्या हातात, पण सैल. दोरी ताणून धरली की कुत्र्यालाही ताण येतो. आजीच्या मांडीवर बाळ, आठ-दहा फुटांवर मोती. त्याने बाळाकडे पाहिले की शाबासकी आणि अंड्याचा तुकडा. हळूहळू त्याला जवळ आणून बाळाच्या पायांचा वास घेऊ दिला. तोंडाजवळ नाही. हे सगळे दहा मिनिटांत आटोपले. पहिल्या दिवशी तेवढेच पुरे.

पुढे रोज एक नियम पाळला. बाळ जागे असताना मोतीला माया आणि खाऊ मिळायचा, आणि बाळ झोपले की त्याने आपल्या कोपऱ्यात स्वस्थ पडायचे. बहुतेक घरी नेमके याच्या उलट होते. बाळ झोपले की माणसे मोकळी होतात आणि मग कुत्र्याला जवळ घेतात. बाळ उठले की कुत्र्याला बाजूला सारतात. कुत्रे काय शिकते? बाळ नसले की बरे.

बारशाच्या दिवशी मात्र मोतीला मागच्या खोलीत ठेवले. पन्नास माणसे, घुगऱ्यांचा वास, मुलांची धावपळ, आणि जो तो बाळाच्या तोंडात तोंड घालणार. अशा गर्दीत कुत्र्याची परीक्षा घेऊ नये. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांतही हेच.

खरी कसोटी रांगण्याच्या वयात

तीन-चार महिने सुरळीत गेले की घरातली माणसे निर्धास्त होतात. खरे तर तेव्हाच सावध व्हायचे असते. पाळण्यातले बाळ कुत्र्याकडे जाऊ शकत नाही, रांगणारे जाते. ते कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येते, त्याच्या ताटलीत हात घालते, झोपलेल्या अंगावर चढते, उभे राहायला आधार म्हणून त्याच्या कानाला धरते. आमच्या वाघ्याच्या वेळी घडले ते याच वयात.

या काळात आम्ही तीन नियम भिंतीवर लिहून लावले होते.

एक, मोतीचे जेवण परसात, दार लावून. जेवण झाले की ताटली उचलायची. हाडूक वगैरे द्यायचे तेही तिथेच.

दोन, बाळाची खेळणी वेगळी, मोतीचा चेंडू वेगळा. एकाचे दुसऱ्याच्या हाती किंवा तोंडी जाऊ द्यायचे नाही.

तीन, बाळ आणि कुत्रे एका खोलीत एकटे कधीही नाही. फोन वाजला, दारावर कोणी आले, तर दोघांपैकी एकाला आपल्याबरोबर न्यायचे. दूध उतू गेले तरी चालेल. 'एक मिनिटच' असे म्हणायचे नाही, वाघ्याला तेवढेच पुरले होते. आणि 'लक्ष आहे' याचा अर्थ त्याच खोलीत मोबाइल बघत बसणे नव्हे.

आठवीतला थोरला भाऊ पाचच मिनिटे बघेल, असेही म्हणू नये. मोठे माणूसच हवे.

गुरगुरणे म्हणजे उद्धटपणा नव्हे

कुत्र्याला बोलता येत नाही, पण ते अंगाने पुष्कळ सांगते. चावणे हा त्याचा बहुधा शेवटचा शब्द असतो. त्याआधीचे शब्द आपल्याला वाचता आले पाहिजेत.

सुरुवातीला ते झोप आलेली नसताना जांभई देते, खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवते, तोंड दुसरीकडे वळवते. मग उठून निघून जाऊ पाहते. तिथेही कोणी मागे आले तर कान मागे पडतात, शेपूट पायांत जाते, डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसू लागतो. पुढे अंग एकदम ताठ होते, हालचाल थांबते. मग गुरगुरणे, मग दात दाखवणे, आणि मग चावा. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रे खुशीत आहे, हाही समज पुरा खरा नाही. अंग सैल आणि शेपूट मोकळे हलत असेल तर खुशी. अंग ताठ आणि शेपूट वर धरून कडक हलत असेल तर सावध.

घरोघरी मुलाने कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून काढलेले फोटो असतात. असा फोटो घेऊन नीट पाहा. पुष्कळदा मूल हसत असते आणि कुत्रे तोंड वळवून, कान मागे टाकून बसलेले असते. गळामिठी आपल्याला आवडते, बहुतेक कुत्र्यांना ती आवडत नाही.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये, असे आम्ही सांगतो तेव्हा वडीलधाऱ्यांना ते पटत नाही. पण गुरगुरणे म्हणजे "मला हे सोसवत नाही, बाळाला दूर न्या" अशी सूचना आहे. मारून ती सूचना बंद होते, त्यामागची भीती तशीच राहते. घंटा काढून टाकली म्हणून आग विझत नाही. मोती एकदा गुरगुरला तेव्हा आम्ही काही न बोलता बाळाला उचलले, मग नेमके काय झाले ते पाहिले. बाळ त्याच्या गोणपाटावर बसले होते. चूक आमची होती. त्या दिवसापासून जिन्याखालच्या कोपऱ्यालाही फळी लागली.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी

घरचे कुत्रे असो की रस्त्यावरचे, पुढील गोष्टी पाठ करा आणि आपल्या लहान भावंडांना शिकवा.

- खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नका.
- दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्याआधी त्याच्या मालकाला विचारा. मग कुत्र्यालाही विचारा, म्हणजे जरा बाजूला उभे राहा आणि ते स्वतःहून जवळ येते का ते पाहा.
- डोक्यावर थापटू नका. छातीवर किंवा खांद्यावर हलकेच कुरवाळा. तीन आकडे मोजा आणि थांबा. त्याला हवे असेल तर ते पुन्हा जवळ येईल.
- डोळ्याला डोळा लावून टक लावू नका. तोंडाजवळ तोंड नेऊ नका.
- अनोळखी कुत्रे अंगावर आले तर पळू नका, ओरडू नका. झाड व्हा. पाय जवळ, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. झाडाचे कुत्र्याला काय कौतुक? ते हुंगून निघून जाते. खाली पडलात तर कासव व्हा. पोटाशी गुडघे घ्या, हातांनी मान आणि कान झाका.
- वाढदिवसाचा चॉकलेटचा केक, मनुका, द्राक्षे कुत्र्याला देऊ नका. ती त्याला विषासारखी आहेत. कांदा-लसूण घातलेली आमटीही नको. आणि कुंदा कितीही आवडता असला तरी तो आपणच खावा.

आपल्याकडे दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्टही तुम्ही ऐकली आहे. मुक्या जिवाबद्दलची ती माया आपल्यात असावीच. मात्र तुमच्यापैकी कोणी खरोखर कुत्र्यामागे धावू नये, एवढेच सांगणे.

चावले किंवा ओरखडले तर

हा भाग पालकांनी कापून कपाटाच्या दारावर लावला तरी चालेल.

रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण चावल्यावर वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे या रोगाने दगावतात. त्यांतली सुमारे 40 टक्के 15 वर्षांखालील मुले असतात. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्यांमुळे होतो.

पहिली गोष्ट, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटे धुवावी. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. दुसरी गोष्ट, त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लस डॉक्टर सांगतील त्या तारखांना पूर्ण घ्यावी. स्नायूत दिली जाणारी लस साधारणपणे पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असते. कातडीत दिली जात असेल तर चौदाव्या दिवसाची नसते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते, त्याबद्दल आपण होऊन विचारावे. तिसरी गोष्ट, कुत्रे घरचे असले, लस दिलेले असले, तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण ते दहा दिवस संपण्याची वाट बघत उपचार थांबवायचे नसतात.

मुलांनाही एक सांगणे आहे. नुसता ओरखडा असला आणि "घरी रागावतील" अशी भीती वाटली, तरी लपवू नका. कोणीही रागावणार नाही. 6 जुलै 1885 रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांच्याकडे जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला आणले गेले. त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावले होते. पाश्चर यांनी त्याला आपली नवी लस दिली आणि तो वाचला. तो वाचला कारण त्याच्या आईने त्याला वेळेवर तिथे नेले.

जमतच नसेल तर

प्रत्येक घरी जमेलच असे आम्ही म्हणणार नाही. कुत्रे बाळाकडे एकटक बघत राहते, दबा धरल्यासारखे चालते, खाऊनेही नजर हटत नाही, किंवा त्याने पूर्वी कोणाला चावले आहे, अशा वेळी आपले प्रयोग करत बसू नये. दोघांना पूर्ण वेगळे ठेवावे आणि जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शेवटी कुत्र्याला दुसरे घर पाहायची वेळ आलीच, तर ते लहान मुले नसलेले, ओळखीचे घर असावे, खरी हकीकत सांगून द्यावे आणि पुढे जाऊन भेटत राहावे. त्यात कमीपणा काही नाही. पण रात्रीच्या वेळी गावाबाहेर नेऊन सोडणे हे पापही आहे आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

विश्वस्त मंडळास एक विनंती

शेजारच्या गोव्यात मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना लस टोचली गेली आणि त्याबरोबरच शाळाशाळांतून मुलांना कुत्र्यांशी कसे वागावे याचे धडे दिले गेले. 2021 साली त्या राज्याने स्वतःला रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. आपल्याला एवढे मोठे काम जमणार नाही, पण दोन गोष्टी जमतील. पाश्चर यांच्या पुण्यतिथीला, म्हणजे 28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन असतो. त्या आठवड्यात एखाद्या पशुवैद्यांना बोलावून प्रत्येक वर्गाचा एक तास घ्यावा. आणि मधल्या सुट्टीतील डब्यांचे उरलेसुरले मैदानाच्या कोपऱ्यात पडते, त्यासाठी झाकणाचा डबा ठेवावा. त्या खरकट्यासाठीच कुत्री आत येतात आणि पहिली-दुसरीची मुले नेमकी तिथेच खेळतात.

शेवटी

मोती कसा आला ते सांगायचे राहिले. थोरला नातू तिसरीत असताना जुलैच्या पावसात एक भिजलेले पिल्लू आमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसले होते. कुत्र्याला बघून घाबरणारा आमचा नातू दोन दिवस खिडकीतून त्याच्याकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पोत्याचा तुकडा बाहेर नेऊन ठेवला आणि धावत आत आला. तेवढ्यावरून आम्ही ओळखले की पुन्हा एकदा प्रयत्न करायला हरकत नाही.

आता धाकटी नात अडीच वर्षांची आहे. ती मोतीच्या कोपऱ्याजवळ जाते, फळीच्या अलीकडे उभी राहते आणि "मोती, येतोस?" असे विचारते. कधी तो येतो, कधी नुसते शेपूट हलवून पडून राहतो. आला नाही तर ती परत फिरते. तिला हे शिकवायला आम्हाला वर्ष लागले आणि अजूनही आम्ही दोघांना एकटे सोडत नाही.

पालक सभेत भेटलेल्या त्या आईला आमचे सांगणे असे, की चार महिने पुष्कळ झाले. उद्यापासून सुरुवात करावी. मुलीला जेवायला घालावे, आणि कुत्र्याचा दिनक्रम हळूहळू बदलायचे काम तिच्याच मदतीने करावे. काही अडले तर आमच्या घरी यावे. मोतीशी ओळखही होईल.